रांजणातली वरची जागा

मासासुद्धा बुडून मरतो असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापा. मीही हसले असते. पण आमच्या अंगणात, आमच्याच रांजणात एक मरळ बुडून मेली, आणि ती मेली म्हणून आमच्या घरचं एक माणूस खाटेवरून उठलं. तेच सांगायचं आहे. मधे कुठे भलत्या वाटेला लागले तर रागावू नका, मी परत येते.

ते माणूस म्हणजे आमचा बुडा, माझा नवरा. तोंडावर मी त्याला 'तुमी' म्हणते, पाठीमागे बुडा म्हणते. त्यालाही हे माहीत आहे आणि त्याचं काही म्हणणं नाही, कारण तोही मला सगळ्यांदेखत बुडीच म्हणतो.

बुड्याची सगळी उमर राईस मिलमध्ये गेली. पोती भरायची, शिवायची, पाठीवर घेऊन ट्रकात टाकायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत कोंड्यानं पांढरा. पापण्यासुद्धा पांढऱ्या. पोरं लहान होती तेव्हा दारातच ओरडायची, "भूत आलं, भूत आलं!" आणि तो दोन्ही हात वर करून भुतासारखा आत शिरायचा. तेव्हा आम्हाला काय ठाऊक, की जेवढा कोंडा बाहेर दिसतो तेवढाच आतही जाऊन बसतो. आणि एकट्या कोंड्यावर कशाला ढकलू? बिडीही होतीच. बिडीलाही मी सोडत नाही.

म्हातारपणी श्वास कमी पडायला लागला. पहिल्यांदा कळलं ते विहारात. रविवारी सकाळी वंदना घ्यायची तर त्याच्याच आवाजात, इतका मोठा गळा. बाकीचे मागून म्हणणार. एका रविवारी ओळीच्या अर्ध्यातच थांबला. लोकांना वाटलं, विसरला. नंतर नंतर तर प्रत्येक ओळीला थांबायला लागला, आणि मग विहारात जाणंच सोडलं. आनापानाला तरी चला, नुसतं बसून श्वासाकडे पाहायचं असतं, असं मी म्हटलं तर म्हणाला, "श्वास पाहाले पयले श्वास तं पाहिजे!"

तलावाच्या पाळीवर जाणं त्याच्याही आधी सुटलं होतं. आमचं गाव सडक अर्जुनीच्या हमरस्त्यापासून आत आहे. ट्रकांचा आवाज वारा असेल तसा येतो नाहीतर येत नाही. गावाला मोठा तलाव आहे, कोहळी जातीच्या जुन्या लोकांनी बांधलेला. आमच्या सगळ्यांचं धान त्याच्यावर. पाळ, म्हणजे त्याचा बांध, उंच, वर मोहाची झाडं. बुडा रोज संध्याकाळी तिथं जाऊन बसायचा. मग चौकापर्यंतच जायला लागला. मग फाटकापर्यंत. मग अंगण. मग खाट. त्याचं जग असं घरात आटत येताना मी पाहत होते, उन्हाळ्यात बोडीचं, शेतातल्या तळ्याचं, पाणी आटत जावं तसं. आणि मला भीती एकच होती, की हा आता खाटेवरून उठायचा नाही.

गोंदियाला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी छातीचा फोटो काढला, तोंडात मारायचा पंप दिला, आणि आपल्या हिंदीत समजावलं, "दादाजी, हवा अंदर फँस रही है. साँस लेने की जल्दी मत करो, पहले पूरी छोड़ो." व्यायाम सांगितला. बुड्यानं मान हलवली. एसटीत बसल्या बसल्या मला म्हणाला, "येडा आहे का तो डॉक्टर? मले हवा भेटून नाही राहिली, अन् तो म्हणते सोड!"

व्यायाम काही केला नाही. "श्वास घेणं कायले शिकाचं? जन्मलो तवापासून घेऊन राहिलो."

आता नातीकडे येते. माझी नात गोंदियाला कॉलेजात शिकते. जनावरांच्या शरीराचा विषय आहे तिचा. कोणाचं हृदय कसं, कोणाची हाडं कशी, कोणापासून कोण झालं. सकाळच्या बसनं जाते, दुपार टळल्यावर येते, आणि घरी आल्यावर मोठ्यानं वाचून पाठ करते. मी स्वयंपाक करता करता ऐकते. मला वाचता येतं ते माझ्या पोरांच्या पुस्तकांवरून मी आपलं आपण शिकलेलं. त्या पुस्तकांत हे काही नव्हतं. त्यामुळे मी पोरीला सारखी अडवते. "थांब. हे काय म्हणालीस? परत सांग." ती चिडत नाही. उलट चुलीजवळ येऊन बसते आणि विळीवर जे असेल त्याच्यातच दाखवते.

एकदा रोहू होता. पोट फाडलं की आतून तो पांढरा फुगा निघतो, मधे आवळलेला, दोन भागांचा. लहानपणी आम्ही तो पायाखाली घेऊन फट्ट करून फोडायचो. नातीनं तो हातावर घेतला.

"आजी, हा फुगा अन् आपलं फुप्फुस एकाच घरचे."

"सख्खे?"

"चुलत म्हण. लय जुन्या काळी, पाणी खराब झालं की काही मासे वर येऊन तोंडानं हवा गिळत. गिळलेली हवा ठेवाले घशाजवळ एक पिशवी झाली. पुढं कोणाच्या घरी तिचा फुगा झाला, तरंगाले. कोणाच्या घरी फुप्फुस झालं. ते पाण्याबाहेर निघाले. आपण त्याईचे."

"म्हणजे आपण माशाच्या घराण्यातले?"

"हाव."

"तरीच तुह्या आबाले मरळीशिवाय दुसरं काही सुचत नाही."

खाटेवरून आवाज आला, "बुडी कॉलेजात जाऊन राहिली वाटते!" एवढं म्हणायलाही त्याला मधे थांबावं लागलं. पण बोलला, याचंच मला बरं वाटलं. त्या दिवसांत तो बोलणंसुद्धा मोजून करायचा.

दुसऱ्या वेळी कोंबडी होती. कोंबडी साफ करणाऱ्या बायांना माहीत असतं, तिचं फुप्फुस बरगड्यांत असं रुतून बसलेलं असतं की बोट घालून खरवडून काढावं लागतं. गुलाबी, स्पंजासारखं. मी म्हटलं, एवढंसं फुप्फुस आणि भिंतीवर उडून बसते कशी ही? तेव्हा नातीनं सांगितलं की पाखराच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, पोटापर्यंत, काही तर हाडांच्या पोकळीत शिरलेल्या. त्या भात्यासारखी हवा ओढतात आणि ढकलतात, म्हणून फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहत राहते. श्वास सोडतानाही त्याला ताजी हवा मिळते.

"चोरखमाऱ्याच्या धरणाच्या कालव्यासारखं," मी म्हटलं. "इकडून येते, तिकडं जाते."

"बरोबर. अन् आपलं फुप्फुस म्हणजे बोडी. ज्या तोंडानं पाणी आत, त्याच तोंडानं बाहेर. तळाशी थोडं जुनं पाणी राहतेच."

तेव्हा मला हे नुसतं गमतीचं वाटलं. बोडी काय, कालवा काय. पुढे हेच कामी येईल असं आम्हा दोघींनाही वाटलं नव्हतं.

आमच्या घरी उन्हाळ्याची एक रीत आहे. तलावाचं पाणी उतरलं की धाकट्या लेकीला दरेकस्याहून बोलवायचं आणि मरळीचा रस्सा करायचा. मरळ जिवंतच पाहिजे. ती दोन-तीन दिवस आधी आणायची आणि अंगणातल्या जुन्या रांजणात ठेवायची, लेक यायच्या दिवशीच कापायची. मरळ निवडणं आणि रांजणात ठेवणं हे काम बुड्याचं. लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, दुसऱ्या कोणाला तो हात लावू द्यायचा नाही. मी रांजणाजवळ गेले तरी म्हणायचा, "तू चूल पाह्य. तिले मी पाह्यतो."

या वर्षी मुलानं बाहेरून एक मरळ आणली. तो ट्रकावर असतो, रायपूरच्या रस्त्यानं येता-जाता कुठे तरी मिळाली असेल. बादलीत उसळ्या मारत होती. त्यानं बादली मुद्दाम खाटेजवळ नेली. "बाबा, पाहा बरं. ठेवा हिले."

बुड्यानं तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

"ठेवा कोणीबी."

एवढंच. मुलगा बादली तिथंच ठेवून उभा राहिला. ज्या माणसानं उभ्या जन्मात रांजणाला कोणाचा हात लागू दिला नाही तो म्हणतो, ठेवा कोणीबी. तापानं, खोकल्यानं मला एवढं भ्यायला झालं नव्हतं.

मुलाला लगेच गाडीवर निघायचं होतं. मग मी आणि नात उठलो. किती ऊन होतं! नातीनं रांजण घासला आणि हापशीचं थंड पाणी आणून काठोकाठ भरला. "जास्त पाणी असलं तं तिले गरम नाही होणार," म्हणाली. मलाही पटलं. माशाला पाणी जितकं जास्त तितकं सुख, यात विचार करण्यासारखं काय होतं? मरळ उडी मारून बाहेर पडते हे तेवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी वर फळी घट्ट बसवली आणि फळीवर वरवंटा ठेवला.

सकाळी फळी काढली तर मरळ उताणी. पांढरं पोट वर.

नात तिथंच मटकन बसली आणि रडायला लागली. एवढी मोठी पोरगी, लहान लेकरासारखी. "पाणी तं ताजं होतं आजी. कल्ले पण साफ होते तिचे. मी पाह्यले होते."

मी तिची समजूत घालते आहे, तेवढ्यात मागे खाट करकरली. भिंतीला धरून, चौकटीला धरून, बुडा येत होता. मी पुढे झाले तर हातानंच मला दूर केलं. रांजणाशी येऊन उकिडवा बसला, धापा टाकत, खांदे वरखाली होत होते. बराच वेळ बोलताच येईना. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, मरळीला उलटं-सुलटं करून पाहिलं आणि परत सोडली.

"एवढा गळ्यापर्यंत कायले भरला वो?"

"गरमी होती आबा..."

"बुडाली बिचारी."

नातीचं रडणं थांबलं. "मासा कसा बुडते आबा?"

"बाकीचे नाही बुडत. मरळ वर येते. तोंड काढते, हवेचा घोट घेते, खाली जाते. पाण्यात असली तरी तिले वरचं लागते." तो थांबला. "वर बोटभर जागा नाही. फळी ठोकलेली. घोट कुठून घेईन?"

नात त्याच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आमच्या पुस्तकात आहे आबा. कल्ल्याच्या वर तिले हवेची एक खोली असते. वाघूर माशाले तं आतमधे झाडासारखं लाल फुटलेलं असते, हवा घ्याले. मी पाठ केलं होतं. रांजण भरताना ध्यानातच नाही आलं."

"ध्यान ठेवणं माह्यं काम होतं. मीच उठलो नाही." त्यानं ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "रडू नको. हे काम तुह्यं नव्हतंच."

असा तो बसलेला. हात तिच्या डोक्यावर, आणि छाती लोहाराच्या भात्यासारखी चाललेली. एक श्वास पुरा होत नाही तर दुसरा ओढायचा, दुसरा होत नाही तर तिसरा. नातीनं डोळे पुसले. ती त्याच्या छातीकडे पाहत होती. मग तिनं रांजणाकडे पाहिलं. परत छातीकडे.

"आबा," ती म्हणाली, "तुमचा रांजणबी गळ्यापर्यंत भरला आहे."

"म्हणजे?"

"तुमच्या छातीत हवा कमी नाही. जास्त आहे. जुनी. बोडीच्या तळच्या पाण्यावानी ती निघूनच नाही राहिली. अन् तुमी वरून नवी ढकलून राहिले. भरल्या रांजणात आणखी पाणी ओतलं तं काय होईन? सांडून जाईन. पयले थोडं उपसा, मंग वर जागा होईन."

बुडा रांजणाच्या काठावरून बोट फिरवत होता.

"तो गोंदियाचा डॉक्टर हेच सांगून राहिला होता का?"

"हाव आबा. हेच."

"मंग मरळीचं नाव घ्याचं ना त्यानं!"

किती दिवसांनी हसलो आम्ही. ती मरळ मेलेली समोर, आणि आम्ही तिघंही हसतोय. हसल्यानं त्याला ढास लागली, मग मी पाठ चोळत बसले. लेकीला निरोप धाडला, आता तलावात जाळं पडलं की मगच ये.

आता उपसायचं कसं, तर नात म्हणाली, नाकानं हळू घ्यायचा, आणि ओठ चंबू करून लांब, बारीक सोडायचा. जोरानं नाही सोडायचा, जोर लावला की आतल्या बारीक नळ्या मिटून जातात आणि हवा तिथंच कोंडते. मी म्हटलं, अगं, हे तर मी जन्मभर करत आले! घरात गेले आणि चुलीजवळची फुंकणी घेऊन आले. ओल्या लाकडांशी ज्या बाईनं दिवस काढले तिला विचारा. जोरानं फुंकलं की राख डोळ्यात जाते आणि विस्तव विझतो. बारीक, लांब फुंकलं की जाळ धरतो.

"आता मले चूल फुंकाले लावते का, बुडे?"

"लावते. उमरभर मी फुंकली. आता तुमी फुंका."

फरशीवर चिमूटभर राख टाकली आणि त्याच्या हाती फुंकणी दिली. फुंकणीतून बारीक फुंकून राखेत रेघ ओढायची, पण राख उडवायची नाही. पहिल्या दिवशी राख सगळी माझ्या लुगड्यावर. मग हळूहळू रेघ निघायला लागली. मग फुंकणीही नको झाली, नुसत्या ओठांनी जमायला लागलं. नात कॉलेजातून आली की तपासायची. तो खांदे उचलून, गळ्याच्या शिरा ताणून श्वास घ्यायला लागला की ओरडायची, "आबा, बेंडका होऊ नका!"

बेडकाला बरगड्या नसतात म्हणे. छाती फुगवायला काही साधनच नाही, म्हणून बिचारा गळ्यानं हवा आत ढकलतो; तो गळा लुकलुकताना दिसतो तो त्यासाठी. "तुमच्याजवळ पडदा आहे ना? बकरं कापलं की छातीच्या अन् पोटाच्या मधे असते, तोच. गाईले आहे, मांजराले आहे, उंदराले आहे. आचळाचं दूध पिणाऱ्या सगळ्याईले आहे. मंग त्याच्यानं घ्या." आणि ती त्याला उताणं झोपवून पोटावर वाटी ठेवायची. खांदे हलायचे नाहीत, वाटी वर आली पाहिजे, खाली गेली पाहिजे. एकदा वाटीत चुकून तांदळाचे दाणे राहिले होते. आमची कोंबडी खाटेवर चढली आणि बुड्याच्या पोटावर उभी राहून दाणे टिपायला लागली. बुडा हसू दाबतोय, वाटी हलतेय, कोंबडी पंख फडफडवतेय. नात म्हणाली, "हलू नका आबा, पाखराले पाहू द्या आपला श्वास किती गरीब आहे ते."

असं घरात सगळं चाललं. श्वास लांबला. पण फाटकाबाहेर पाऊल काही टाकेना. मी चिडले एकदा. "आता तं जमते ना? कायले बसून राहिले मंग?"

तेव्हा कुठं खरी गोष्ट बाहेर आली. त्याला लाज वाटत होती. रस्त्यानं जाताना थांबावं लागतं, भिंतीला हात लावून उभं राहावं लागतं, आणि मग येणारा-जाणारा विचारतो, "का गा, काय झालं? का गा, बरं नाही का?" ज्यानं पाठीवर पोती वाहिली त्याला रिकाम्या अंगानं चालताना थांबावं लागतं, हे त्याला सोसत नव्हतं.

हे ऐकत नात पायरीवर बसली होती. कुंपणाच्या दगडांवर एक सरडा होता. सर्रकन पळाला, थांबला. परत पळाला, थांबला.

"आबा, तो काऊन थांबते, ठाऊक आहे?"

"कोणी पाह्यते का म्हणून थांबते."

"तेबी असेल. पण पळताना त्याले श्वास घेताच येत नाही बरोबर. अंग असं वाकडं-तिकडं करत पळते ना, मंग एका बाजूचं फुप्फुस दबते, दुसऱ्या बाजूचं फुगते. हवा इकडची तिकडं होते, बाहेर निघतच नाही. म्हणून पळते, थांबते, श्वास घेते, मंग पळते. पालीचंबी तसंच. कितीक वर्षांपासून असंच चालू आहे त्याईचं."

बुडा त्या सरड्याकडे खूप वेळ पाहत बसला. सरडाही तिथंच, मान वर करून, काही घाई नसल्यासारखा.

"त्याले कोणी इचारत नाही, का गा, काय झालं म्हणून," बुडा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तलावात जाळं पडायचं होतं. ढिवर लोक दरवर्षी पाणी उतरलं की मोठं जाळं ओढतात, सगळं गाव पाळीवर जमतं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी पाहिलं, बुड्यानं दोरीवरचं धोतर काढून आपल्या हातानं घडी करून उशाशी ठेवलं. मी काही बोलले नाही. बोललं की बिघडतं.

सकाळी उन्हाच्या आधी निघालो. तो पुढे, मी मागे, आणि नात बादली घेऊन. कडुनिंबाखाली थांबला. ओठ चंबू केले, फूऽऽ. हापशीशी थांबला. फूऽऽ. विहारासमोर त्याच्या मिलमधला जुना सोबती बसला होता, त्यानं ओरडूनच विचारलं, "काय गा! मी तं समजलो तू मेलास!"

"मेलोच होतो," बुडा म्हणाला. "रांजणात बुडून." आणि श्वास पुरा होईपर्यंत तिथंच मजेत उभा राहिला. सोबत्याला काही कळलं नाही. नात तोंडावर धरायला पदर नाही म्हणून बादलीच तोंडापुढे धरून हसत होती.

पाळीचा चढ तेवढा राहिला होता. धडधाकट माणसाला काहीच नाही असा चढ, पण खालून पाहिलं की मलाच तो डोंगराएवढा वाटला. वर लोकांचा गलका, जाळ्याची ओढ चाललेली. बुडा पायथ्याशी उभा राहिला. एक पाऊल टाकलं आणि थांबला. खांदे वर जायला लागले. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मी ओळखली. भिंतीकडे तोंड केलं होतं त्या दिवशीची. मला वाटलं, गेला. आता म्हणेल, चला घरी.

नातीनं तोंड उघडलं होतं, मी तिचा हात दाबला.

बुड्यानं खांदे खाली सोडले. ते सोडायलाही जोर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग ओठ चंबू करून फुंकलं, लांब, बारीक, राखेत रेघ ओढावी तसं. इतका वेळ फुंकत राहिला की मला वाटलं आता संपेलच हा माणूस. मग थोडं चढला. थांबला. परत फुंकलं. वरून दोघं-तिघं पाहत होते, पाहू दिलं. सरड्यासारखा, थांबत थांबत, तो मोहाखाली जाऊन आपल्या जुन्या दगडावर बसला.

ढिवरांनी त्याच्यासमोर मरळी आणून टाकल्या. त्यानं एकेकीला अंगठ्यानं दाबून पाहिलं, सगळ्यांत मोठी सोडून दिली, मधली घेतली. "मोठी राठ असते," नातीला म्हणाला. "ध्यानात ठेव, हेबी पुस्तकात नसन."

घरी आल्यावर रांजणात पाणी त्यानं स्वतः भरायला लावलं. बादली नात ओते आणि तो काठावर बसून सांगे, "बस. बस आता." वर वीतभर जागा ठेवली. फळी ठेवली तीही अर्धी, वरून जाळीचा तुकडा. दुपारी सगळं गाव निपचित असतं, पंख्याच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नाही. मी आडवी झाले होते. तेवढ्यात अंगणातून ऐकू आलं, चुळुक. मरळ वर आली असेल. आणि मग खाटेवरून, फूऽऽ. जरा वेळानं परत चुळुक. परत फूऽऽ. दोघांचं ठरल्यासारखं. मला डोळा कधी लागला कळलंच नाही, किती दिवसांनी दुपारची अशी झोपले.

बरा झाला असं मी म्हणत नाही. पंप चालू आहे, गोंदियाच्या फेऱ्या चालू आहेत. डॉक्टरनंच सांगितलं की गेलेलं फुप्फुस परत येत नाही. पण बुडा संध्याकाळी पाळीवर जातो, रमतगमत, आणि वंदनेला दर ओळीला थांबतो तर थांबतो. आता मागचे लोकही त्याच्याबरोबर थांबतात.

रविवारी धाकटी लेक यायची होती. मरळ मी कापली. आमच्यात मरळीचं डोकं बुड्याला वाढायची रीत. या वेळी शिजवायच्या आधीच त्यानं ते उचलून नातीपुढे ठेवलं. "पयले दाखव ती खोली."

नातीनं कल्ल्यावरचं झाकण उचललं, लाल कल्ले बाजूला केले, आणि त्यांच्या वर, डोक्याच्या हाडाखाली, सुरीच्या टोकानं दाखवलं. छोटीशी पोकळी. आत घडी घातल्यासारखी लालसर चामडी. आम्ही तिघंही डोकी जोडून पाहत होतो.

बुड्यानं करंगळीचं टोक आत घालून पाहिलं.

"एवढीच?"

"पुरते तिले," नात म्हणाली.

त्यानं करंगळी काढली, धोतराला पुसली, ओठ चंबू करून हळूच फुंकलं.

"रस्सा जरा पातळ कर वो बुडी," तो म्हणाला. "पोरगी दुरून येऊन राहिली. बाहेर जाऊन पाह्यतो मी, बस आली का."